ब्लॅकबर्न रोव्हर्स : पुण्याहून चाललेला इंग्लिश क्लब

१३ डिसेंबर २०१० रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्सने आपले मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढून टाकलं. संघ तेव्हा प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीच्या, गुणतक्त्यात १३ व्या क्रमांकावर होता. खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याच्या रेषेपासून बऱ्यापैकी वर. क्लब पुण्याच्या वेंकीजच्या ताब्यात येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. पुढच्या १७ महिन्यांत रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला आणि आजतागायत तिथे परतलेला नाही.

आपल्याकडे ही गोष्ट ‘कोंबडीवाल्यांनी क्लब बुडवला’ एवढ्या एका वाक्यात उरकली जाते. इंग्लंडमध्येही ती बरीच वर्षं तशीच सांगितली गेली. ते वाक्य मला पटत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. मालकांनी पैसे घातले नाहीत म्हणून हा क्लब घसरला, असंही झालेलं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं घातले आहेत आणि भरपूर घातले आहेत. मग घसरला कशामुळे? माझं उत्तर असं की ब्लॅकबर्नमध्ये बसून, फुटबॉल जाणून, स्वतःच्या शब्दावर निर्णय घेऊ शकेल असा माणूस या क्लबात उरला नाही. जेव्हा जेव्हा तसा माणूस पुन्हा मिळाला, तेव्हा क्लब सावरला. पण आधी जे मोडलं ते काय होतं, हे पाहायला हवं.

गिरणीगावाचा क्लब

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. लोकवस्ती आज सव्वा लाखाच्या आसपास. एकाच वेळी अनेक सुतं कातणारी ‘स्पिनिंग जेनी’ बनवणारा जेम्स हारग्रीव्हज याच परिसरातला. इथल्या मागांवर विणलेलं कापड हिंदुस्थानच्या बाजारात यायचं, आणि स्वदेशीच्या चळवळीने तो बाजार आटला तेव्हा इथल्या गिरण्यांना कुलपं लागली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरमध्ये आले, ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला मुक्काम करून बेकार गिरणी कामगारांना भेटले. मुंबईच्या गिरणगावाशी ज्यांची नाळ आहे त्यांना अशा गावात फुटबॉलला काय मोल असेल हे वेगळं सांगायला नको.

५ नोव्हेंबर १८७५ रोजी गावातल्या लेजर हॉटेलात बैठक झाली आणि रोव्हर्सचा जन्म झाला. सुरुवातीची पोरं चांगल्या घरातली, खासगी शाळांत शिकलेली होती. फुटबॉल तेव्हा साहेबी खेळ. १८८२ च्या एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रोव्हर्स ओल्ड इटोनियन्सकडून, म्हणजे ईटन या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून, १-० ने हरला. पुढच्याच वर्षी याच गावातल्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारांच्या संघाने त्याच इटोनियन्सना हरवून कप उत्तरेत आणला. एका वर्षाच्या अंतराने घडलेल्या या दोन सामन्यांमध्ये इंग्लिश फुटबॉल वरच्या वर्गाच्या हातून निसटून गिरण्यांच्या गावांत आला. त्यानंतर रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा कप जिंकला. फर्गस सूटरसारखे स्कॉटिश खेळाडू संघात होते. खेळण्यासाठी पैसे घेण्याला अजून परवानगी नव्हती, पण घेतले जात होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८८५ मध्ये फुटबॉल संघटनेला व्यावसायिकता मान्य करावी लागली, त्यात लँकेशायरच्या क्लबांच्या रेट्याचा मोठा वाटा होता. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बारा क्लबांत रोव्हर्स होता, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही पहिल्या मोसमात होता. दोन्हीकडे पहिल्या पंगतीत बसलेले क्लब इंग्लंडमध्ये फक्त तीन : ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हा.

१९१२ आणि १९१४ ची लीग विजेतेपदं, १९२८ चा एफए कप, आणि मग उतार. १९६६ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून खाली गेला तो २६ वर्षं वर आलाच नाही. मधल्या काळात दोनदा तिसऱ्या श्रेणीतही जाऊन आला. गाव पडतं होतं, क्लबही तसाच.

जॅक वॉकर

पुढचं प्रकरण समजायला हा माणूस नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय पुढच्या मालकांचं नेमकं काय चुकलं ते दिसत नाही.

जॅक वॉकर ब्लॅकबर्नचाच. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, वडिलांच्या पत्राकामाच्या धंद्यात लागला. भाऊ फ्रेडबरोबर त्याने त्याचा ‘वॉकरस्टील’ हा पोलादाचा मोठा व्यवसाय केला आणि १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकला. लहानपणापासून तो रोव्हर्सचा चाहता. १९९१ च्या सुरुवातीला क्लबचा ताबा त्याने घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने केनी डॅलग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणलं. लिव्हरपूलला लीग जिंकून दिलेला माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात आला, यावर लोकांचा विश्वास बसेना. मे १९९२ मध्ये लेस्टरविरुद्धच्या प्ले-ऑफ, म्हणजे बढती ठरवणाऱ्या, सामन्यात माइक न्यूएलच्या पेनल्टीवर संघ वर आला. लगेच ॲलन शिअरर, मग टिम फ्लॉवर्स, १९९४ मध्ये ख्रिस सटन. शिअरर आणि सटन यांच्यासाठी मोजलेल्या रकमा त्या त्या वेळी ब्रिटनमधल्या विक्रमी होत्या.

१४ मे १९९५ चा शेवटचा दिवस. रोव्हर्स लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमकडे. शिअररने गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी केली, आणि शेवटच्या मिनिटांत जेमी रेडनॅपच्या फ्री-किकवर रोव्हर्स २-१ ने हरला. पण तिकडे युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावं लागलं होतं. ८९ गुण विरुद्ध ८८. ८१ वर्षांनी लीग ब्लॅकबर्नला आली. त्या मोसमात शिअररचे ३४ गोल होते आणि बचावात कॉलिन हेंड्रीसोबत हेनिंग बर्ग हा नॉर्वेचा खेळाडू होता. हे नाव लक्षात ठेवा.

‘विजेतेपद विकत घेतलं’ ही टीका वॉकरवर तेव्हा झाली, अजूनही होते. मला ती अर्धीच खरी वाटते. पैसा होताच, पण तो ज्या पद्धतीने वापरला ती पाहा. वॉकरने आधी जाणकार मॅनेजर आणला, खेळाडू त्याच्या सल्ल्याने घेतले, इवूड पार्क या क्लबच्या मैदानाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या, ब्रॉकहॉलला सरावाची मैदानं आणि अकादमी उभी केली. स्वतः जर्सी बेटावर राहत असला तरी क्लबात काय चाललंय हे त्याला गावातल्या माणसासारखं माहीत असायचं. त्यालाही अपयश आलं : १९९६ मध्ये शिअरर न्यूकॅसलला गेला, १९९९ मध्ये संघ खाली घसरला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. पुढच्याच मे महिन्यात ग्रॅम सूनेस यांच्या हाताखाली संघ पुन्हा वर आला आणि २००२ मध्ये टॉटनहॅमला हरवून त्याने लीग कप जिंकला.

वॉकरच्या मागे क्लब त्याच्या कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे राहिला. ही दहा वर्षं मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात शिकण्यासारखी वाटतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. निधीकडून येणारी मदत आटत गेली. अध्यक्ष जॉन विल्यम्स, टॉम फिन आणि अर्थव्यवहार पाहणारे मार्टिन गुडमन अशा मोजक्या अनुभवी माणसांनी क्लब काटकसरीने चालवला. सव्वा लाख वस्तीच्या गावातला हा क्लब २००३ मध्ये सहावा, २००६ मध्ये सहावा, २००८ मध्ये सातवा आला. स्वस्तात खेळाडू घ्यायचे, घडवायचे, योग्य वेळी विकायचे. मॅनेजर बदलले तरी कार्यालय तेच राहिलं. २००८ मध्ये पॉल इन्स यांची निवड फसली, तर डिसेंबरातच ती सुधारून अलार्डाइस यांना आणलं गेलं. २०१० च्या मे महिन्यात संघ दहावा होता.

विक्री

विश्वस्तांना क्लब विकायचाच होता. १९ नोव्हेंबर २०१० रोजी ‘वेंकीज लंडन लिमिटेड’ने तो २.३ कोटी पौंडांना घेतला, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांहून जास्त. शिवाय सुमारे दोन कोटी पौंडांचं कर्ज अंगावर आलं. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी.

वेंकीज म्हणजे कोण हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली वेंकटेश्वरा हॅचरीज, पुण्यात मुख्यालय. परसातल्या कोंबड्यांचा आपल्याकडचा जोडधंदा शास्त्रशुद्ध व्यवसायात बदलण्यात राव यांचा वाटा फार मोठा. अंड्यांचा भाव व्यापाऱ्याऐवजी उत्पादकाने ठरवावा म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. ‘संडे हो या मंडे’ ही जाहिरात त्याच समितीची. त्यांच्यानंतर कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश राव व बालाजी राव यांनी व्यवसाय वाढवला. धंदा कळत नाही असं या कुटुंबाबद्दल म्हणताच येणार नाही. पण कुक्कुटपालनात जे त्यांच्या हाडीमासी होतं ते फुटबॉलमध्ये नव्हतं, आणि तिथेच कोणाचं ऐकायचं हा प्रश्न आला.

ऐकलं गेलं ते खरेदीच्या वेळी सोबत असलेल्या सल्लागारांचं. त्यात खेळाडूंचा एक एजंट होता. मालकी बदलल्यावर आठ दिवसांत संघ मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ७-१ ने हरला, त्यात बर्बातोव्हचे एकट्याचे पाच गोल. डिसेंबरात बोल्टनकडून २-१ हार झाली आणि दुसऱ्या दिवशी अलार्डाइस गेले. जागेवर आले त्यांच्याच हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन. ते त्या एजंटाचे अशील होते. कीन यांनी त्याआधी कुठल्याही क्लबचं मॅनेजरपद सांभाळलं नव्हतं. जानेवारीत त्यांना अडीच वर्षांचा करार मिळाला. रोनाल्डिन्यो आणि बेकहॅमची नावं वर्तमानपत्रांत झळकली. दोघेही आले नाहीत.

मॅनेजर बदलणं ही इंग्लंडमध्ये नित्याची गोष्ट आहे. माझ्या मते खरी हानी नंतरच्या काही महिन्यांत झाली, आणि ती मैदानावर दिसत नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये विल्यम्स यांनी अध्यक्षपद सोडलं. त्यापाठोपाठ फिन आणि गुडमन गेले. इंग्लिश क्लबात खेळाडूचा करार, एजंटाचं कमिशन, बँकेशी बोलणी, लीगच्या नियमांची कागदपत्रं ही सगळी कामं अशा दोन-तीन माणसांच्या डोक्यात असतात. ती गेली की फाइली उरतात, पण कोणती फाइल कधी उघडायची हे सांगणारं कोणी उरत नाही.

त्या मोसमात संघ शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३-२ ने हरवून पंधरावा राहिला. मग उन्हाळ्यात १९ वर्षांचा बचावपटू फिल जोन्स युनायटेडला विकला गेला. अकादमीत घडलेला, वॉकरच्या गुंतवणुकीचं फळ म्हणावं असा पोरगा. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीचा सामना खेळला आणि ३-० ने जिंकला. पुण्यातल्या फुटबॉलप्रेमींना प्रीमियर लीगचा संघ घरी पाहायला मिळाला, याचा आनंद खराच होता. पण संघ तेव्हा तळाजवळ होता आणि मोसम चालू होता. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकनवर ताव मारताना दाखवणारी वेंकीजची जाहिरातही त्याच सुमाराची. ब्लॅकबर्नचा माणूस ती पाहून काय म्हणाला असेल, याचा अंदाज पुण्यात कोणाला आला नाही, आणि तो सांगायला ब्लॅकबर्नमध्ये कोणी ठेवलं नव्हतं.

पत्र

डिसेंबर २०११ मध्ये क्लबचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहिलं. या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद तो हाच. कीन यांना बदला, चाहते दूर जात आहेत, प्रायोजक दूर जात आहेत, बँकेशी संबंध बिघडत आहेत, निर्णयांसाठी थांबून राहावं लागतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मोसम अजून अर्धाही झाला नव्हता. पत्र लिहिणारा माणूस पगारी नोकर होता आणि त्याने मालकाला हे लिहिलं, याचं मला मोल वाटतं.

पत्रावर काही झालं नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, तळाचा रोव्हर्स ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ ने जिंकला. याकुबूचे दोन गोल आणि तरुण ग्रँट हॅन्लीचा विजयी. संघात अजून जीव आहे हे दाखवणारा तो दिवस. मग जानेवारीत रायन नेल्सन गेला, फेब्रुवारीत बचावाचा कणा असलेला ख्रिस सांबा रशियाला विकला गेला. दोन्ही मध्यवर्ती बचावपटू ऐन मोसमात नाहीसे झाले. याकुबूने लीगमध्ये १७ गोल केले, तरी मोसमअखेर संघाच्या खात्यात फक्त ३१ गुण होते. आघाडीच्या खेळाडूचे १७ गोल असलेला संघ घसरतो तेव्हा दोष कुठे शोधायचा हे वेगळं सांगायला नको.

७ मे २०१२, सोमवारची रात्र, इवूड पार्कवर विगन. हरलो तर संपलं. सामना सुरू असताना प्रेक्षकांतून एक कोंबडी मैदानात सोडली गेली, अंगावर रोव्हर्सचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेली. जगभरच्या वाहिन्यांनी ती दाखवली आणि क्लबच्या १३७ वर्षांच्या इतिहासाला लोक त्या एका दृश्याने ओळखू लागले. शेवटची मिनिटं उरली असताना विगनच्या अँटोलिन अल्काराझने डोक्याने गोल मारला. १-०. रोव्हर्स खाली गेला. त्याच आठवड्यात हंट यांचं पत्र वर्तमानपत्रांत फुटलं आणि हंट यांची नोकरी गेली. कीन मात्र सप्टेंबरअखेरपर्यंत राहिले.

कोर्टात निघालेलं सत्य

खालच्या श्रेणीत गेल्यावरही पैसा होता. हडर्सफिल्डच्या जॉर्डन रोड्ससाठी ८० लाख पौंड मोजले गेले. त्या श्रेणीत ही फार मोठी रक्कम. कीन यांच्यानंतर हेनिंग बर्ग आले, १९९५ च्या विजेत्या संघातले. चाहत्यांना आपला माणूस आल्यासारखं वाटलं. करार तीन वर्षांचा. १० सामने, एक विजय, आणि ५७ व्या दिवशी बर्ग यांना काढलं. करारात लिहिलं होतं की मुदतीआधी काढल्यास उरलेला पगार द्यायचा. तो २२.५ लाख पौंड होत होता.

क्लबने आधी ही रक्कम देणं लागतो असं मान्य केलं. मग कबुली मागे घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला. कारण काय दिलं, तर आमच्या व्यवस्थापकीय संचालकाने हा करार मालकांच्या संमतीशिवाय केला, त्याला तो अधिकार नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि बर्ग यांना पूर्ण रक्कम मिळाली.

मी हे प्रकरण ज्याला ज्याला समजावलं त्याला इथे थांबवलं आहे. एखादी संस्था कोर्टात उभी राहून सांगते की आमच्या वतीने सही करणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याला सही करायचा अधिकार नव्हता. रोव्हर्सला काय झालं होतं याचं निदान बाहेरच्या कुठल्याही टीकाकाराने एवढ्या नेमकेपणाने केलेलं नाही. लँकेशायरमध्ये पद होतं, अधिकार नव्हता. पुण्यात अधिकार होता, रोजची माहिती नव्हती. आणि मध्ये सल्लागार होते. बर्गनंतर मायकेल ॲपलटन आले. त्यांनी एफए कपमध्ये आर्सेनलला आर्सेनलच्या मैदानावर हरवलं, तरी ६७ दिवसांत तेही गेले. एका मोसमात तिसऱ्यांदा नवा माणूस शोधायची वेळ आली.

पुढे गॅरी बोयर यांनी थोडं सावरलं, तोवर खर्चमर्यादेचे नियम मोडल्याने डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडू घेण्यावर बंदी आली. टॉम केअर्नी, रूडी गेस्टेड आणि रोड्स विकले गेले. २०१६-१७ मध्ये चाहत्यांनी एक निषेध केला तो मला फार हलवून गेला. ते १८ व्या मिनिटाला स्टेडियममध्ये आले आणि ७५ व्या मिनिटाला उठून गेले : १८७५, स्थापनेचं साल. आपल्याच संघाच्या सामन्याला पाठ फिरवणं किती जड जातं हे ज्याने एका क्लबवर जीव लावलाय त्यालाच कळेल. ७ मे २०१७ रोजी, विगनच्या त्या रात्रीनंतर बरोबर पाच वर्षांनी, रोव्हर्सने ब्रेंटफर्डला ३-१ ने हरवलं, तरी केवळ गोलफरकाने संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१ च गुण, पण गोलफरक दोनने सरस. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिली वेळ.

सावरलं ते कसं

टोनी मोब्रे फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. घसरण त्यांना थांबवता आली नाही, तरीही त्यांना ठेवलं गेलं. मालकांनी घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय, आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मोब्रे स्वतः भारतात येऊन मालकांसमोर बसायचे, मधल्या माणसांशिवाय बोलायचे. एका मोसमात संघ ९६ गुणांसह दुसऱ्या श्रेणीत परतला. डॉनकास्टरला चार्ली मलग्रूच्या गोलवर ते नक्की झालं. मोब्रे पाच वर्षं राहिले. ॲडम आर्मस्ट्राँगने एका मोसमात लीगमध्ये २८ गोल केले आणि मग चांगल्या किमतीला तो साउदॅम्प्टनला गेला. विल्यम्स यांच्या काळातली ‘घडवा आणि विका’ ही पद्धत परत आली. मालक तेच, गाव तेच, पैसा आधीपेक्षा कमीच. फरक पडला तो एका माणसाला वेळ आणि शब्द मिळाल्यामुळे.

मालकांच्या बाजूचं जे आहे तेही इथे मांडतो, कारण इंग्लंडमधली चर्चा बऱ्याचदा ते गाळते. वेंकीजने दरवर्षीचा तोटा भरला आहे, बिनव्याजी कर्जं दिली आणि त्यातली मोठी रक्कम भागभांडवलात वळती करून घेतली. २०१९ मध्ये शेजारचा बोल्टन दिवाळखोरीच्या दाराशी पोहोचला आणि ‘बरी’ (Bury) या गावाचा क्लब तर लीगमधून हाकलला गेला. दोन्ही गावं ब्लॅकबर्नपासून मोटारीने तासाच्या आत. तशी वेळ रोव्हर्सवर आली नाही ती पुण्याहून येत राहिलेल्या पैशामुळे. मे २०२२ मध्ये रमजान ईदची नमाज इवूड पार्कच्या मैदानावर झाली; इंग्लिश क्लबांमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. गुजरात आणि पाकिस्तानातून गेलेली हजारो कुटुंबं या गावात आहेत, पण सामन्यांना त्यांची हजेरी नेहमीच कमी राहिली होती. त्या सकाळचं मोल कुठल्याही निकालात धरता येणार नाही.

तरी जुनं दुखणं गेलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये फॉरेस्टचा लुइस ओब्रायन घ्यायचं ठरलं. कागदपत्रं वेळेत पोहोचली नाहीत आणि करार बाद झाला. संघ तो मोसम ६९ गुणांवर सातवा आला, सहाव्या संडरलँडचेही ६९ च, म्हणजे प्ले-ऑफ पुन्हा गोलफरकाने हुकला. बरोबर एका वर्षाने अमेरिकेतून येणाऱ्या डंकन मॅकग्वायरच्या बाबतीतही कागदपत्रांत घोळ झाला. दोन जानेवारी, दोन खेळाडू, कारण एकच. फाइली सांभाळणारी माणसं २०११ मध्ये गेली त्याची किंमत बारा वर्षांनी मोजली जात होती, असं मी म्हणेन. त्यातच सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. पण मिडफिल्डमध्ये कोण खेळणार हे दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून राहू लागलं. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, अकादमीतून आलेला ॲडम व्हॉर्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. संघ त्या मोसमात शेवटच्या दिवशी लेस्टरला हरवून कसाबसा टिकला, दोन्ही गोल सॅमी स्मॉडिक्सचे, आणि उन्हाळ्यात तोही गेला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रोव्हर्स पाचव्या क्रमांकावर, प्ले-ऑफच्या जागेत होता. मॅनेजर जॉन युस्टेस यांनी तेव्हा क्लब सोडला आणि ते तळाशी झगडणाऱ्या डर्बीला गेले. मॅनेजर वरच्या संघातून खालच्या संघात स्वखुशीने जातो तेव्हा पगारापलीकडचं काही बोलून जातो. मोसमअखेर रोव्हर्स पुन्हा सातवा. त्याच उन्हाळ्यात महिला संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून मागे घेतला गेला आणि चौथ्या श्रेणीत गेला, कारण नव्या परवान्याच्या अटींइतका खर्च क्लबला करायचा नव्हता. केइरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे आणि एला टून या इंग्लंडला युरोपची विजेती करणाऱ्या तिघी याच क्लबात वाढल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबला १५० वर्षं पूर्ण झाली आणि त्यातली १५ पुण्याच्या मालकीची आहेत. मालकांनी क्लब विकावा अशी मागणी चाहते करत आहेत. विकला जाईल की नाही हे त्यांच्या हातात नाही, पण एक गोष्ट पुण्यात बसून आजही करता येईल : ब्लॅकबर्नमध्ये एक जाणकार मुख्य अधिकारी नेमायचा, वर्षाचा आकडा त्याच्या हाती द्यायचा, आणि त्याची सही चालेल असं लेखी द्यायचं.